अंगणवाडीतल्या ताईंचे आभार मानायचेत? शाल-नारळ आणण्याआधी हे वाचा

दोन वर्षांपूर्वी आम्ही पालकांनी आमच्या वस्तीवरच्या अंगणवाडीचा सत्कार केला. सतरंज्या सेविकाताईंनीच अंथरल्या. माइकवाल्याला फोन त्यांनीच केला. पाहुणे तासभर उशिरा आले, तोवर मुलांकडून बडबडगीतं म्हणून घेत वेळ त्यांनीच मारून नेली. फोटोत पाहुणे आहेत, मी आहे, नारळ आहे. मदतनीसताई नाहीत, कारण त्या मागे कप विसळत होत्या.

आम्ही आभार मानले आणि त्यांना एका दिवसाचं जास्तीचं काम लावलं, एवढाच त्याचा हिशेब. त्यानंतर आजूबाजूच्या चार-पाच गावांतले असे कार्यक्रम पाहिले, आणि चूक बहुतेक सगळीकडे तीच दिसली: आधी तारीख ठरते, मग पाहुणा, मग शाल, आणि काय बोलायचं ते माइक हातात आल्यावर. हा क्रम उलटा करायचा आहे. खाली दिलेल्या पद्धतीला साधारण तीन आठवडे लागतात, पैसे फारसे लागत नाहीत. खासगी बालवाडी किंवा पाळणाघर असेल तर सरकारी कार्यालयाच्या जागी संस्थाचालक धरा, बाकी सगळं तसंच.

## १. आभार कोणाचे, त्याची यादी आधी कागदावर

«ताईंचे आभार» म्हटलं की डोळ्यांसमोर एकच चेहरा येतो. अंगणवाडीचं काम एका माणसाचं नसतं. यादी अशी करा:

- सेविका
- मदतनीस. स्वतंत्र नाव, स्वतंत्र पत्र. «आणि मदतनीस» अशी शेपटी नको
- गरम आहार बाहेरून शिजून येत असेल तर बचत गटातल्या स्वयंपाक करणाऱ्या बायका
- लसीकरणाला येणाऱ्या आरोग्यसेविका आणि आशाताई
- बीटच्या, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या गटाच्या, पर्यवेक्षिका

एका बीटमध्ये साधारण वीस-पंचवीस अंगणवाड्या असतात आणि त्यांच्या सेविका महिन्याच्या बैठकीला एकत्र भेटतात. अडचणीत त्या एकमेकींचंच ऐकतात: नवीन सेविकेला रोजच्या नोंदींचं ॲप शिकवणारी शेजारच्या गावातली ताई असते, आजारी ताईच्या अंगणवाडीकडे बघणारीही तीच. तुमच्या ताईंना विचारा, «तुम्हाला या कामात कुणाची मदत झाली?» जी दोन-तीन नावं येतील ती यादीत घाला. त्यांना कुणी पालक कधी आभाराचं पत्र लिहीत नाही.

तपासा: मुलाची चड्डी खराब झाली तेव्हा ती कुणी बदलली? वस्तीवरून मुलांना हाताला धरून कोण आणतं? उत्तरातलं नाव यादीत नसेल तर यादी अपुरी आहे.

## २. पालकांकडून प्रसंग गोळा करा

हीच पायरी सगळे गाळतात आणि इथेच सगळं बिघडतं. प्रसंग हाताशी नसले की भाषणात «उत्कृष्ट कार्य», «मोलाचे योगदान», «भावी पिढी घडवणाऱ्या» हे शब्द भरावे लागतात. ते कुठल्याही गावातल्या कुठल्याही ताईंना लागू पडतात, म्हणजे कुणालाच लागू पडत नाहीत.

पालकांच्या ग्रुपवर «ताईंबद्दल दोन शब्द लिहा» असं टाकलंत तर पाच अंगठे आणि सात हात जोडलेले येतील. त्याऐवजी संध्याकाळी दारोदार जा, आणि आजीला विचारा, कारण मुलाला पोचवायला आणि आणायला बहुतेक वेळा तीच जाते. प्रश्न असे ठेवा:

- पहिल्या आठवड्यात पोर रडायचं, तेव्हा ताईंनी काय केलं?
- घरी आल्यावर मूल कुठलं गाणं, कुठला खेळ करून दाखवतं?
- वजन कमी भरलं तेव्हा ताई घरी आल्या होत्या का? काय सांगून गेल्या?
- गरोदरपणात त्यांनी एखादी गोष्ट लावून धरली होती का?
- मुलाला घरची बोली येत होती आणि शाळेची मराठी येत नव्हती, तेव्हा ताई कुठल्या भाषेत बोलल्या?

शेवटचा प्रश्न वारली, कातकरी, पावरा, कोरकू वस्त्यांवर मुद्दाम विचारा. तीन वर्षांच्या मुलाशी त्याच्या बोलीत बोलणं हे कौशल्य आहे आणि त्याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही.

मिळेल ते सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून घ्या. एका आजींनी मला सांगितलं होतं, «पोरगं भाताशिवाय कशाला शिवत नव्हतं. बाईंनी उसळीतला एकेक दाणा मोजायला लावला, मोजता मोजता खाल्ला मेल्यानं.» याच्यापुढे कुठलंही मानपत्र फिकं पडेल.

सावधान: कमी वजनाच्या मुलाचा प्रसंग सांगताना मुलाचं नाव, आडनाव, घर काहीही नको. «अमक्याचं पोर कुपोषित होतं, ताईंनी वाचवलं» असं भर सभेत बोललं की ताईंचं कौतुक होतं आणि त्या आईची मान खाली जाते. पुढच्या महिन्यात ती वजनाला मूल आणत नाही. आईची परवानगी असली तरी माइकवर नको, पत्रात «एका मुलाच्या बाबतीत» एवढंच लिहा.

## ३. कशाची स्तुती करायची नाही

ज्याचं कौतुक होतं ते काम वाढतं. म्हणून कौतुक निवडून करा.

«आमच्या मुलाला शंभरपर्यंत अंक आणि एबीसीडी येते, ताईंची कमाल.» हे वाक्य दर सत्कारात असतं. तीन ते सहा वयाच्या मुलाने खेळत, बोलत, हाताने करत शिकायचं असतं. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पाही खेळावर आधारलेला आहे. मणी ओवणं, माती मळणं, बिया वेगळ्या करणं, गोष्ट ऐकून पुढे काय होईल ते सांगणं यातूनच पुढे पेन्सिल धरणारी बोटं आणि वाचणारं डोकं तयार होतं. तुम्ही पाठांतरावर टाळ्या वाजवल्या की शेजारची ताई उद्यापासून पाटीवर गिरवून घ्यायला लागते, कारण पालकांना तेच हवं असतं हे तिला दिसलेलं असतं. त्याऐवजी म्हणा: «तो आता खेळणं दुसऱ्याला देतो. रांगेत थांबतो. काल मला विचारलं, बी का बुडते आणि पान का तरंगतं.»

«तुटपुंज्या मानधनातही हसतमुखाने सेवा करतात.» बोलणाऱ्याला वाटतं आपण बाजू घेतली. ऐकणाऱ्या ताईंना वेगळंच ऐकू येतं. शासनाच्या लेखी त्या मानसेवी आहेत, पगार नाही तर मानधन घेतात, आणि हे बदलावं म्हणून त्यांच्या संघटना वर्षानुवर्षं भांडत आल्या आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेला त्यांचा संप जानेवारी २०२४ पर्यंत चालला होता. सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. अशा माणसाला «तुम्ही पैशासाठी करत नाही» म्हणणं हे आभार नव्हेत. कौशल्याचं नाव घ्या, त्यागाचं नको.

«दुसरी आईच.» एखाद्या आजीने म्हटलं तर गोड आहे. व्यासपीठावरून म्हटलं की प्रशिक्षण घेऊन केलेलं काम बाईच्या स्वभावात जमा होतं. आईला चाळीस मुलं वयानुसार गटात बसवून एकाच वेळी सांभाळावी लागत नाहीत.

## ४. दिवस त्यांना विचारून ठरवा

५ सप्टेंबर, शिक्षक दिन, सगळ्यांना सुचतो. सरकारी मोहिमेचा पोषण माह बहुतेक वेळा सप्टेंबरात येतो. रोज एक उपक्रम, रोज फोटो, रोज नोंद. त्यात तुमचा सत्कार म्हणजे आणखी एक उपक्रम. हे दिवसही टाळा:

- लसीकरणाचा आणि वजन-उंचीचा दिवस
- महिनाअखेरचे अहवालाचे दिवस
- घरी न्यायच्या आहाराचं वाटप असेल तो दिवस
- मतदार यादीचं काम किंवा सर्वेक्षण त्यांच्याकडे असेल तो काळ

सगळ्यांत चांगली वेळ मूल पहिलीत जाण्याआधीचे दोन-तीन आठवडे. तेव्हा आभाराला कारण असतं आणि ते ताईंनाही पटतं. रोजचं काम आटोपून मुलं घरी गेल्यावरची वेळ धरा, पण मदतनीसताईंना विचारल्याशिवाय नको: भांडी, झाडलोट त्यांच्याकडे असते, त्या सगळ्यांत शेवटी निघतात आणि अनेकींना पुढे शेतावर जायचं असतं.

विचारतानाही प्रश्न नीट विचारा. «शनिवारी कार्यक्रम ठेवलाय, चालेल ना?» याला नाही म्हणणं कुणालाच जमत नाही. «या तीनपैकी कुठला दिवस तुम्हाला हलका जाईल?» असं विचारा.

तपासा: अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, दीपप्रज्वलन यातलं काही ठरलं असेल तर पुन्हा विचार करा. पाहुणा आला की त्याची वेळ, त्याचा हार, त्याचं भाषण येतं, आणि आभार शेवटच्या पाच मिनिटांत आभारप्रदर्शनापुरते उरतात.

## ५. पत्र लिहा, आणि ते कार्यालयात जाऊ द्या

तोंडी कौतुक हवेत विरतं. लेखी पत्र फायलीत राहतं आणि चौकशी, तक्रार, पुरस्काराचा प्रस्ताव अशा वेळी कामाला येतं. तक्रारीचे अर्ज कार्यालयात नेहमी जातात, आभाराचे जवळजवळ कधीच जात नाहीत. म्हणून माझ्या मते या लेखातली एकच पायरी करायची असेल तर ही करा.

दोन प्रकारची पत्रं लागतात. पहिलं घरगुती, ताईंच्या नावाने, हाताने लिहिलेलं, कसंही. दुसरं औपचारिक. त्याचा साचा असा:

> प्रति,
> मा. बालविकास प्रकल्प अधिकारी,
> एकात्मिक बालविकास सेवा योजना प्रकल्प, ता. ......
>
> विषय: अंगणवाडी क्र. ...... , मौजे ...... येथील सेविका श्रीमती ...... यांच्या कामाबद्दल.
>
> महोदय / महोदया,
> आम्ही खाली सही करणारे पालक वरील अंगणवाडीत येणाऱ्या मुलांचे आई-वडील व आजी-आजोबा आहोत. गेल्या दोन वर्षांत आम्ही जे स्वतः पाहिले तेवढेच येथे लिहीत आहोत.
>
> १. नव्याने येणाऱ्या मुलांना पहिले काही दिवस श्रीमती ...... यांनी आजी-आईला जवळ बसू दिले व हळूहळू वेळ वाढवली. त्यामुळे आमची मुले रडत न राहता रुळली.
> २. रोज गोष्ट झाल्यावर मुले ती करून दाखवतात. पूर्वी घरात न बोलणारी दोन मुले आता गोष्ट सांगतात.
> ३. वजन कमी भरलेल्या एका मुलाच्या घरी त्या वारंवार गेल्या व घरातल्याच पदार्थांतून काय द्यायचे ते चुलीपाशी बसून दाखवले.
>
> सदर पत्राची नोंद घ्यावी ही विनंती.
>
> आपले, (नाव, सही / अंगठा)
> प्रत माहितीसाठी: पर्यवेक्षिका, बीट ...... ; सरपंच, ग्रामपंचायत ......

मदतनीसताईंसाठी असंच दुसरं पत्र, वेगळ्या मुद्द्यांचं. त्यांच्या कामात सांगण्यासारखं मोठं काही नसतं असं आपल्याला वाटतं, म्हणून मुद्दे सुचत नाहीत. मग असं लिहा: हात धुण्याची सवय मुलांना कुणी लावली, तिखट न चालणाऱ्या मुलासाठी आधी वेगळं कोण काढून ठेवतं, ताई बैठकीला गेल्या की वर्ग कोण चालवतं.

पत्र लिहिताना लोक ज्या चुका करतात त्या लिहूनच ठेवतो:

- पत्र ताईंनाच लिहायला सांगणं. «तुम्हीच मजकूर द्या, आम्ही सह्या करतो.» हे मी एकदा स्वतः केलंय, आजही लाज वाटते.
- आभाराच्या पत्रात मागण्या घुसवणं. नळ, खिडकी, रंगकाम यांचा अर्ज वेगळा.
- इमारत नाही, काटा बिघडलाय असं कौतुकाच्या ओघात लिहिणं. उद्या विचारणा ताईंनाच होते.
- शेजारच्या अंगणवाडीशी तुलना. «इतरांसारख्या नाहीत» हे वाक्य बीटमध्ये दुसऱ्या दिवशी पोचलेलं असतं, आणि बैठकीत त्यांना त्याच बायकांशेजारी बसायचं असतं.

तपासा: पाठवण्याआधी पत्र ताईंना वाचायला द्या आणि एकच विचारा, «यातलं काही काढू का?» त्यांनी काढा म्हटलं तर कारण विचारू नका. मग कार्यालयात नेऊन द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. त्या पोच घेतलेल्या प्रतीची झेरॉक्स ताईंकडे राहू द्या.

## ६. भेट: अर्धा तास, त्याहून जास्त नाही

जागा अंगणवाडीचीच. झाडणं, अंथरणं, चहा, कप विसळणं, कुलूप हे सगळं पालकांचं, आणि कुणी काय करायचं ते आदल्या दिवशी नावानिशी ठरवा, नाहीतर मदतनीसताई सवयीने उठतीलच. त्या उठल्या की चूक आपली.

१. सगळे खाली गोल बसा. खुर्च्या मांडल्या की उंच-खालची रांग लागते.
२. मदतनीसताईंपासून सुरुवात. शेवटी ठेवलं की त्या वेळी लोक उठायला लागलेले असतात.
३. तीन किंवा चार जणांनी एकेक प्रसंग सांगायचा, दोन मिनिटांत. निदान एक आजी आणि एक वडील हवेत. वडील फार कमी येतात, त्यामुळे एक जरी बोलला तरी ताईंच्या लक्षात राहतं.
४. पत्र मोठ्याने वाचा, हातात द्या.
५. ताईंना बोलायचा आग्रह करू नका. बोलल्या तर ऐका.

मुलांना नाच बसवायला सांगायचा नाही, कारण तो ताईंनाच बसवावा लागतो. मुलांनी एखादं चित्र काढून आणलं तर पुरे, घरून.

फोटोचं सांगायलाच हवं. ताई-मदतनीस दोघींना विचारून एक फोटो काढा. मुलांचे चेहरे असलेला फोटो सगळ्या पालकांची संमती असल्याशिवाय स्टेटसवर किंवा वर्तमानपत्रात नको.

## ७. वस्तू द्यायचीच असेल तर

पाकीट नको. रोख रकमेने देणाऱ्याला बरं वाटतं आणि घेणारीला उत्तर द्यावं लागतं. साडी द्यायची तर सेविका आणि मदतनीस दोघींना सारख्या किमतीची. इथे फरक केलात तर वरचं सगळं पाण्यात.

अंगणवाडीला वस्तू देणं जास्त सोपं आहे. विचारा काय कमी आहे. भिंतीवरचं घड्याळ आणि ट्रॉफी कुणालाच नको असते, ते ढिगाने पडलेलं असतं. चित्रांची मोठी पुस्तकं, धुता येणाऱ्या सतरंज्या, मुलांच्या हाताला पुरेल अशा उंचीचं फडताळ, एकसारख्या ताटल्या-वाट्या, हे वापरलं जातं. वस्तू दिली की तिची साठा नोंदवहीत नोंद करून घ्या, म्हणजे पुढे तपासणीत «हे कुठून आलं» असा प्रश्न ताईंवर येत नाही.

सावधान: बारीक मणी, गोट्या, बटणाच्या सेलची खेळणी देऊ नका. मुलांबरोबर धाकटी भावंडंही येतात, आणि ती सगळं तोंडात घालतात. खाऊ वाटायचा असेल तर ताईंना आधी विचारा. आहाराच्या वेळेआधी बिस्किटं दिलीत तर शिजलेली खिचडी तशीच राहते.

## ८. ग्रामसभेत ठराव

गावात अंगणवाडी असेल तर अभिनंदनाचा ठराव घेता येतो, आणि त्याची किंमत शालीपेक्षा खूप जास्त आहे. बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा होते. २ ऑक्टोबर मला आवडतो. एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ साली त्याच तारखेला सुरू झाली.

विषय आधीच लेखी देऊन विषयपत्रिकेत घाला. «आयत्या वेळचे विषय» यावर विसंबलात तर तोवर निम्मी सभा उठलेली असते. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथे तो मांडून घेतला तर पुढे कुणी अडवत नाही. सूचक आणि अनुमोदक दोघे पालक असावेत, पुढारी नकोत. ठरावात सेविका आणि मदतनीस दोघींची पूर्ण नावं, अंगणवाडी क्रमांकासह. इतिवृत्तात ते तसंच उतरलंय का ते नंतर जाऊन पाहा, कारण «अंगणवाडी कर्मचाऱ्यांचे अभिनंदन करण्यात आले» असं एका ओळीत गुंडाळलेलं मी वाचलंय. ठरावाची नक्कल मागून घ्या.

त्याच सभेत, पण वेगळा विषय म्हणून, अंगणवाडीच्या दुरुस्तीचा प्रश्न मांडता येतो. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून संडासाची कडी आणि पाण्याची टाकी होते.

## ९. बीटपर्यंत पोचवा

पहिल्या यादीतल्या शेजारच्या गावांतल्या ताई आठवतात? त्यांच्यासाठी कार्यक्रम नको. एकेकीला चार ओळींची चिठ्ठी पुरे: «आमच्या ताईंना तुम्ही ॲपचं काम शिकवलंत, त्यामुळे त्यांची रोजची कितीतरी मिनिटं वाचली आणि ती आमच्या मुलांच्या वाट्याला आली.» चिठ्ठ्या पर्यवेक्षिकांकडे द्या आणि महिन्याच्या बैठकीत वाटायची विनंती करा. बैठकीत तुम्ही जाऊन बसू नका, ती त्यांची जागा आहे.

पर्यवेक्षिकांनाही एक चिठ्ठी. वरून खाली आदेश आणि खालून वर अहवाल यांच्या मधोमध त्या असतात; त्यांच्याकडे सहसा फक्त तक्रार येते.

महिन्याभराने एकदा अंगणवाडीत जा, काम नसताना. पत्राची झेरॉक्स मिळाली का, ठराव इतिवृत्तात आला का, दिलेली वस्तू वापरात आहे का की कपाटावर गुंडाळून ठेवलीय, एवढं पाहा. गुंडाळून ठेवलेली असेल तर ती चुकीची वस्तू होती. परत विचारा, बदलून आणा.